तिरंगी गोधड्यांचा हिवाळा

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल सगळे बोलतात. बाहेरगावचा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, तुमच्याकडे पारा कुठवर चढतो? थंडीबद्दल कोणी विचारत नाही. पण आमची थंडी येते ती कोरडी आणि मुकी. एके दिवशी सकाळी उठावं तर फरशी पायाला चावते, खोबरेल तेल बाटलीत गोठलेलं असतं आणि समोरच्या गच्चीवर कोणीतरी पेटीतल्या गोधड्या उन्हात टाकलेल्या दिसतात. वर्षभर बंद राहिलेल्या कापडाला डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कापसाचा एक वास असतो. ऊन चढलं की तो गल्लीभर पसरतो.

त्या वासानं मला अजून कसंसं होतं. मी गॅलरीत उभी असते, मुलगी आतून हाक मारते, "आई, आत ये, वारं लागेल." मी आत येते. तिला वाटतं मला थंडी वाजते आहे.

माझे यजमान फौजेत होते. चीनच्या लढाईनंतर ते घरी आले ते डाव्या पायाची बोटं हिमात ठेवून. बाकी माणूस धडधाकट दिसत होता. आम्ही तेव्हा शहरातल्या महाल या भागात राहत होतो, दोन खोल्या आणि पुढे उघडी, रुंद छपरी. ते आले त्या दिवशी गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहिल्या, पुरुष येऊन पाणी पिऊन गेले. हरलेल्या लढाईहून आलेल्या माणसाशी काय बोलायचं हे कोणालाच कळत नव्हतं. पुढे सगळे त्यांना फौजी म्हणू लागले. म्हणताना आवाजात थोडी माया होती, थोडी कीव. त्यांना जकात नाक्यावर चौकीदाराचं काम मिळालं. संत्र्याच्या गाड्या थांबवायच्या, साहेबानं पाहिल्या की सोडायच्या. उभ्यानं काम, उघड्यावर काम. ते त्यांना आवडायचं.

ते यायचे होते म्हणून मी एक गोधडी शिवून ठेवली होती. माझ्या लग्नातल्या साड्यांची, आईच्या लुगड्यांची, चांगली जाड, सात-आठ थरांची. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. त्या पहिल्या हिवाळ्यात मी ती त्यांच्या अंगावर घातली आणि ते ताडकन उठून बसले. गोधडी दोन्ही हातांनी दूर लोटली. रागावले असतील असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते बनियनवर झोपू लागले, अंगावर फक्त एक जुनं, विरलेलं धोतर. गुडघे पोटाशी घेऊन पडायचे. दातांवर दात वाजलेले मला ऐकू यायचे.

"अहो, घ्या ना अंगावर."

"नको."

"गारठून जाल."

"जाऊ दे न. झोप तू."

हिवाळ्यामागून हिवाळे असेच गेले. माझ्या हाताला टाके घालायची सवय होती. आई गोधड्या शिवायची, तिचीच शिकवण. शाळेतून आले की मी शिवत बसे. महानगरपालिकेच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची नोकरी होती माझी. शेजारच्या बाळंतिणींसाठी शिवलं, नणंदेच्या मुलांसाठी शिवलं. ज्या अंगासाठी शिवायचं होतं ते अंग घेईना, म्हणून दुसऱ्यांच्या अंगावर घालत राहिले.

शोभा, आमची मुलगी, चार-पाच वर्षांची असतानाची गोष्ट. रविवारची दुपार होती. हे छपरीत चटईवर झोपले होते. थंडीनं अंगावर काटा उभा होता. मी आत पोळ्या करत होते. शोभानं बापाला कुडकुडताना पाहिलं, आतून माझी ती जाड वाकळ ओढत ओढत नेली आणि मोठ्या मायेनं त्यांच्या पायापासून डोक्यापर्यंत घातली. मला आधी किंकाळी ऐकू आली. माणसाची वाटलीच नाही ती. धावत गेले तर वाकळ अंगणात पडली होती आणि पोर खांबाशी. भुवईवरून रक्त वाहत होतं. हे उभे, डोळे फाडून पाहत होते. तिला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. ओळखल्यावर तिला छातीशी धरून जे रडले ते मला अजून ऐकू येतं.

शोभाच्या भुवईला टाके घालून आणले. त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून त्यांनी मला सांगितलं. एकदाच. नंतर कधी नाही.

"बंकर खचला आमचा," ते म्हणाले. "वरून बर्फ, माती. अन् माझ्यावर दोघं जण. आंगावरच पडले होते. एक तर गेलाच होता. दुसरा बोलत होता. माझ्या कानापाशी तोंड होतं त्याचं. घरच्या म्हशीबद्दल सांगून राहिला होता. मंग गप झाला."

मी चुलीत काटकी सारली.

"मले हात हलवता नाही आला. किती वेळ, मालूम नाही. तो थंड होत होत गेला न, ते मले समजत होतं. आधी त्याची ऊब होती आंगावर. बरी वाटत होती ती ऊब. मले लाज वाटते सांगायले, पण बरी वाटत होती. मंग वजनच राहिलं."

एवढं बोलून ते उठले आणि बाहेर जाऊन उघड्यावर उभे राहिले. त्या दिवसापासून मी कधी घ्या म्हटलं नाही. शोभालाही शिकवलं, बाबांच्या अंगावर काही घालायचं नाही. पोरीनं काहून म्हणून विचारलं नाही. भुवईवर हात फिरवला आणि मान हलवली.

मग बांगलादेशची लढाई आली. खिडक्यांना काळे कागद लागले, घरोघरी रेडिओपाशी माणसं गोळा झाली. यावेळी बातम्या जिंकण्याच्या होत्या. अख्खं शहर ताठ चालायला लागलं होतं. नाक्यावरून आले की हे रेडिओपाशी न बसता मागल्या अंगणात जायचे.

लढाई संपली आणि आमच्या गल्लीतल्या लीलाताई घरी आल्या. डॉक्टरांची बायको, मोहल्ल्याचं महिला मंडळ चालवायच्या. मनानं चांगली बाई. जे करायची ते जीव ओतून. जखमी जवान इस्पितळात आहेत, थंडी मरणाची पडली आहे, आपण बायकांनी त्यांच्यासाठी गोधड्या शिवायच्या, आणि त्या साध्या नाहीत, तिरंगी. वर केशरी, मधे पांढरी, खाली हिरवी. चिंध्या घरोघरून आणायच्या.

"चक्र नको हं काढायला," त्या म्हणाल्या. "पांघरायची वस्तू, पायाखाली येईल. ते बरं नाही."

शिवायचं कुठे, तर आमच्या छपरीत. जागा मोठी आणि ऊन दुपारभर. मी हो म्हटलं.

त्या हिवाळ्यातले ते पहिले दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, असं म्हणायला जीभ अडखळते, पण होते खरे. चिंध्यांच्या गाठोड्यांनी छपरी भरून गेली. केशरी रंग मिळता मिळेना. कोणी देवळावरच्या उतरवलेल्या ध्वजाचं कापड आणलं, उन्हानं विटून पिवळट झालेलं. कोणी हळदीच्या साडीचा पदर. हिरवा मात्र उदंड होता, ब्लाउजपिसांचे तुकडे, बांगड्यांच्या डब्यातलं अस्तर, मुलींच्या रिबिनी. पांढरा म्हणजे पुरुषांची धोतरं आणि शाळेचे सदरे. त्यावरचे शाईचे डाग जात नव्हते. एका गोधडीच्या मधल्या पट्टीवर निळा डाग राहिला तेव्हा एक जण हसून म्हणाली, "घ्या, चक्र आपोआप आलं."

आम्ही गोल करून बसायचो. कोणाच्या हातात सुई, कोणाच्या हातात संत्र्याची फोड. सालीचा वास दोऱ्याला लागायचा. हरभऱ्याचे टहाळ मधे पडलेले असायचे. कोणाचा दीर, कोणाचा भाचा लढाईवर गेला होता. त्यांच्या गोष्टी निघायच्या, मग कोणी डोळे पुसायचं, आणि हात थांबायचे नाहीत.

हे सुरुवातीला मागल्या दारानं घरात यायचे. बायकांचा मेळा, रंग, चिंध्या, नको असेल. एक दिवस नाक्याला सुटी होती. ते आतल्या दारात येऊन उभे राहिले. आम्ही एका गोधडीला आणखी एक थर घालत होतो.

"लीलाबाई," ते म्हणाले. सगळ्या चपापल्या. हे बायकांशी बोलत नसत. "हलक्या करा. जखमेच्या माणसाले वजन सोसत नाही."

"पण ऊब कशी यायची, भाऊ?"

"ऊब येते. दोन थर पुरे होते. पाय मोकळा काढता आला पाहिजे, हात बाहेर काढता आला पाहिजे. पांघरूण आपल्या हातानं फेकता आलं पाहिजे माणसाले."

लीलाताईंनीच घातलेला थर उसवायला घेतला. त्या दिवसापासून आमच्या गोधड्या दोन थरांच्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी ते कात्री घेऊन कडेला बसले. पट्ट्या कापायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. केशरी वेगळा, पांढरा वेगळा, हिरवा वेगळा, एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या, घड्या करून ठेवायच्या. नाक्यावरून यायचे ते हात धुऊन थेट तिथंच. बायका त्यांना विचारायच्या, वर बर्फात पाणी कसं प्यायचात, मोजे वाळवायचात कुठं. ते सांगायचे. "सदऱ्याच्या आत, पोटाशी. अन् ते वाळले का नाही ते पोटच सांगते." बायका हसायच्या, तेही हसायचे. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात हसताना पाहिले नव्हते, फक्त वाजताना ऐकले होते. रंगांकडे पाहून ते थोडे सैल होत आहेत असं मला दिसत होतं. कापड हातात धरायला ते घाबरत नव्हते. मी मनात पुढचं रचायला लागले होते. या हिवाळ्यात पट्ट्या कापतात, पुढच्या हिवाळ्यात एखादी पायावर घेतील. मग गुडघ्यापर्यंत.

एवढीच माझी मागणी होती. गुडघ्यापर्यंत.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठरला. इस्पितळातून बरे होत आलेले जवान येणार, त्यांना गोधड्या द्यायच्या, एक मोठे पाहुणे बोलावलेले. आदल्या आठवड्यात लीलाताई म्हणाल्या, आपल्या गल्लीतल्या फौजींचाही सत्कार करायचा. इतक्या वर्षांत आपण त्यांना कधी दोन शब्द बोललो नाही.

मी यांच्याकडे पाहिलं. हे पट्टी कापत होते. कात्री थांबली.

"माझा कायले?" ते म्हणाले. "आमची तर हार झाली."

"तुम्ही थोडेच हरलात, भाऊ," लीलाताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

यांनी हातातली पट्टी पुरी कापून तिची घडी केली. मग म्हणाले, "येतो. पण आंगावर नका घालू. हातात द्या."

"हातातच देऊ." मीही लीलाताईंना पुन्हा बजावलं आणि त्यांनी पाहुण्यांनाही सांगून ठेवलं. पुढे काय झालं त्यात कोणाची चूक शोधायला गेलं तर सापडत नाही. माझ्या दुःखाला धरायला तेवढाही कोपरा नाही.

त्या सकाळी त्यांनी जुना कोट घातला, पदकाची फीत लावली. शोभा त्यांचं बोट धरून चालत होती. पटांगण भरलं होतं. पुढे बाकावर जवान बसले होते, कोणाचा हात गळ्यात बांधलेला, कोणाच्या काखेत कुबडी. वय किती असेल त्यांचं, माझ्या शाळेतून चार-पाच वर्षांपूर्वी गेलेली मुलं वाटत होती. एकेकाचं नाव पुकारलं, पाहुण्यांनी हातात गोधडी दिली, टाळ्या पडल्या. कोवळं ऊन त्या रंगांवर पडलं होतं आणि आमच्या बोटांचे टाके लांबून दिसत नव्हते.

शेवटी यांचं नाव घेतलं. हे चढून गेले. थोडे लंगडत, पण मान वर. पाहुणे धिप्पाड, हसतमुख, मोकळ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी घडी हातात घेतली आणि लोकांना रंग दिसावेत म्हणून पूर्ण उलगडून उंच धरली. पटांगण टाळ्यांनी दुमदुमलं. त्या टाळ्यांनी त्यांनाही उमाळा आला असावा. "या वीराला आज आपण मायेचं पांघरूण घालतो आहोत," असं काहीतरी ते म्हणाले आणि यांच्या पाठीमागून त्यांनी ती गोधडी खांद्यांवरून, डोक्यावरून घातली आणि वर स्वतःच्या दोन्ही हातांनी यांना कवटाळलं.

मी उठले होते. लीलाताईही धावल्या होत्या.

"काढा! काढा!" आतून आवाज आला. पाहुण्यांना वाटलं, संकोच वाटतो आहे. त्यांनी आणखी घट्ट धरलं.

मग ती किंकाळी. हे खाली कोसळले, कापडाखाली हातपाय झाडू लागले. टेबल पडलं, फुलदाणी फुटली. गोधडी पायात गुंतली, त्यांनी ती लाथांनी तुडवली, ओढून काढली, लांब फेकली. ती व्यासपीठाखालच्या धुळीत पडली. हे वर, हातांवर आणि गुडघ्यांवर, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते.

बाकावरचा एक कुबडीवाला जवान ओरडत होता, "छोड़ दो उनको! हवा आने दो! हट जाओ सब!" तो एकटा. बाकी सगळं पटांगण गप्प होतं. त्या गप्पपणात कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "तिरंग्यावर पाय दिला याने."

मी जाऊन त्यांना उठवलं. शोभा गोधडी उचलायला वाकली, तर एका माणसानं ती तिच्या हातून ओढून घेतली. "तुम्ही नका हात लावू," तो म्हणाला. नऊ वर्षांचीही नव्हती ती.

लीलाताई संध्याकाळी आल्या. "मी सांगितलं होतं हो त्यांना," एवढंच पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, मला माहीत आहे. मी सगळी हकिगत त्यांना सांगितली, बंकरची, त्या दोघांची. त्या रडल्या. लोकांना समजावून सांगते म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितलंही असेल. पण अशी गोष्ट सांगून पटत नाही. तिकडे एक जण सांगतो, माणूस बर्फाखाली गाडला गेला होता. इकडे दहा जण सांगतात, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा वर हेही होतंच, की हे त्या हरलेल्या लढाईतले. जिंकलेल्यांचा मान यांना सहन झाला नाही, असंही लोक बोलले.

दोन दिवसांनी आमच्या भिंतीवर कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, भगोडा. मी चुना आणून पुसायला लागले. हे छपरीत बसून पाहत होते.

"राहू दे न," ते म्हणाले.

"काहून राहू देऊ?"

"तो म्हशीवाला मले त्याच्या आंगाखालून निघून पळायले सांगत होता. मी पळू नाही शकलो. पळता आलं असतं त पळालो असतो." ते भिंतीकडेच पाहत होते. "खोटं थोडंच लिहिलं."

मी तरी पुसलं. चुन्याखालून ती अक्षरं राखाडी दिसत राहिली.

नाक्यावरच्या साहेबांनी काही दिवस घरीच राहा म्हटलं. ते काही दिवस कधी संपले नाहीत. मंडळानं शिवणकाम दुसऱ्या घरी नेलं. लीलाताई स्वतः गाडी घेऊन आल्या उरलेली गाठोडी न्यायला. माझ्याकडे न पाहता त्यांनी सगळं भरलं. हे उठून आत गेले आणि घड्या केलेल्या पट्ट्या घेऊन आले, तीन रंगांच्या, एकसारख्या. त्यांच्या हाती दिल्या.

"आता पट्ट्या कोण कापते?" यांनी विचारलं.

"बघू, भाऊ. कोणीतरी कापेल."

"रुंद नका कापू. रुंद पट्टीले झोळ येते."

गाडी निघून गेली. छपरीत दोऱ्यांचे तुकडे पडले होते, रंगीत. ते वेचून मी चुलीत टाकले.

यांचे धाकटे भाऊ देवराव गावी, कुहीकडे, शेती करायचे. बातमी त्यांच्यापर्यंत गेली तेव्हा ते आले. मी त्यांनाही सगळं सांगितलं. "दादानं मले कधीच नाही सांगितलं, वहिनी. मी त म्हणत होतो, दादा थंडीचा पक्का आहे." मग भावापाशी जाऊन म्हणाले, "दादा, चल गा घरी. धानाचं मळणीचं काम पडलं आहे. उघडं खळं आहे, मस्त झोप."

हे गेले. तिथं बरे होते, असं भाऊजी सांगत. तणसाच्या ढिगापाशी आकाशाखाली पडायचे. पण गावही शहरापासून फार लांब नव्हतं. बाजाराला येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून गोष्ट तिथंही पोचली. कोणी काही बोललं नाही, फक्त पोरं खळ्यावर येईनाशी झाली. हे परत आले. आल्यावर मी विचारलं, काहून आलात? तर म्हणाले, "देवरावच्या पोरीचं लग्न जमून राहिलं आहे. माझ्यापायी काहून अडावं?"

पुढचे हिवाळे मला एकमेकांत मिसळलेले आठवतात. ते भिंतीला टेकून बसलेले, ऊन सरकेल तसे सरकणारे. नाक्याकडे जाणाऱ्या गाड्या गल्लीच्या टोकावरून जायच्या, बैलांच्या घंटा वाजल्या की ते मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे. शोभा मोठी झाली, शाळेतून आली की त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं धडे वाचायची. ऐकत असायचे की नाही, कळत नसे. मी शिवणं सोडून दिलं. कोणी गोधडी मागायला आलं की डोळे दुखतात सांगायचे.

मला पुष्कळदा वाटतं, आपल्याला माणसाचं काही करता आलं नाही की आपण त्याच्या अंगावर काहीतरी घालतो. शाल, हार, झेंड्याचे रंग. घालणाऱ्याचे हात रिकामे होतात, त्याला बरं वाटतं. आत कोण आहे, त्याला श्वास घेता येतो का, हे घालणाऱ्याला दिसत नाही. मीही त्यातलीच. माझ्या त्या पहिल्या वाकळीत माझं किती सुख शिवलेलं होतं, ते मला ठाऊक आहे.

शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला. गल्लीबाहेरचे एक डॉक्टर आले, म्हणाले न्यूमोनिया आहे, आधी यांना पांघरूण घाला. अंग बर्फासारखं झालं आहे, आणि तुम्ही बनियनवर ठेवलं आहे! डॉक्टर गेल्यावर मी पेटी उघडली. हलकी, दोन थरांची एक गोधडी शिल्लक होती, नणंदेच्या मुलासाठी शिवलेली. ती हातात घेऊन मी त्यांच्या खाटेपाशी उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नको म्हटलं नाही. म्हणायची ताकद नव्हती. फक्त डोळे मोठे झाले.

मी गोधडी परत पेटीत टाकली. खाटेच्या दोन्ही बाजूंना शेगड्या ठेवल्या, त्यांचे हात माझ्या हातांत धरून चोळत बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले. तुम्ही शिकलेल्या बाई, शाळेत शिकवता, म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. पांघरूण घातलं असतं तर वाचले असते का, हे मला कोणी सांगू शकलं नाही. न घातल्यानं शांत गेले का, तेही मला ठाऊक नाही. दुपारी गेले. शोभा शाळेतून यायची होती.

देवराव भाऊजी आले, त्यांनी सगळं केलं. पांढरं कापड अंगावर बांधताना मी म्हटलं, तोंड उघडं ठेवा. वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. भाऊजींनी स्वतः कापड गळ्यापर्यंत खाली घेतलं. गल्लीतली बरीच माणसं आली होती.

बायका त्या वेळी घाटावर जात नसत. माणसं दिवेलागणीनंतर परत येऊ लागली, दारात पाणी घेऊन, कडुनिंबाचं पान चावून आपापल्या घरी गेली. भाऊजी आले नाहीत. मी छपरीत बसून राहिले. शोभा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. फार उशिरा ते आले, ओले केस, डोळे धुरानं लाल झालेले. समोर भिंतीला टेकून बसले.

मी विचारणार नव्हते. पण विचारलं.

"वरून लाकडं रचली का हो?"

ते जमिनीकडे पाहत राहिले.

"रचाच लागते, वहिनी."

आतल्या खोलीत कोणीतरी भांडं सरकवलं.

"कमी घातली मी," ते म्हणाले. "लोकं म्हणत होते, आणखी घाल, इतक्यात नाही होणार. मी नाही घालू दिली. म्हणून वेळ लागला. खूप वेळ लागला, वहिनी."